चंचलचा गोंडा

१

सत्काराच्या दिवशी सकाळीच सत्कारमूर्ती बेपत्ता झाली, याचं मालतीबाईंना फारसं नवल वाटलं नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनाही स्वतःच्या सत्कारातून मागच्या दाराने निघून जावंसं वाटलं होतं. वक्त्यांपैकी निम्म्यांनी त्यांना मालिनीबाई म्हटलं आणि उरलेल्यांनी 'कार्यतत्पर'.

पण इथे सत्कारमूर्ती होती चंचल, आणि चंचल ही घोडी होती. वीस वर्षं बँडच्या कानठळ्यांत उभी राहिलेली. ती भाषणांना घाबरून पळाली असेल हे पटण्यासारखं नव्हतं.

"ताई, कार्यक्रम पाच वाजता आहे," शालिग्रामभाऊ दारातूनच म्हणाले. ते सत्कार समितीचे अध्यक्ष. इतर समित्यांचेही तेच. "मंडप उभा राहिला, हार आले, पाहुणे गाडीत बसलेत. फक्त घोडी नाही."

"पोलिसांना सांगितलंत?"

"बोभाटा नको. तुम्हीच शोधा."

पांडेसऱ्याच्या खानदेशी वस्तीत काहीही हरवलं की लोक मालतीबाईंकडे येत. सुरत स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर खिडकी मागे राहिली आणि चौकशी त्यांच्या घरी आली. गॅसची शेगडी, जावयाचा मोबाइल, एकदा तर खुद्द जावई, असं बरंच काही त्यांनी शोधून दिलं होतं. जावई सापडल्याचं कुणी फारसं कौतुक केलं नाही.

दगाआप्पांचा तबेला गल्लीच्या टोकाला, खाडीच्या कडेला. तबेला म्हणजे पत्र्याची एक शेड, आणि तिच्यात एकच जनावर. वस्तीतल्या निम्म्या पुरुषांची वरात त्या जनावरावरून निघाली होती. आता चंचल म्हातारी झाली होती. समाजाच्या सभागृहामागे मोकळी जागा होती, तिथे तिला शेड बांधून द्यायची, मरेपर्यंत चारापाणी समाजाने करायचं, ही घोषणा आज व्यासपीठावरून व्हायची होती. दगाआप्पांना मोतीबिंदू, सुंदराबाईंची कंबर गेलेली. घोषणा झाली नाही, तर पावसाळ्याआधी चंचल विकायला लागणार होती. आणि म्हातारी घोडी विकत घेणारा माणूस तिला कशासाठी घेतो, ते कुणी मोठ्याने विचारत नाही.

मालतीबाईंनी शेडमध्ये नजर फिरवली. खुंटा मोकळा. भिंतीवर घोडीचा सगळा शृंगार टांगलेला. जरीची झूल होती, चांदीचे तोडे होते, घुंगुरमाळ होती. चोराने कशालाच हात लावला नव्हता. फक्त एक खिळा रिकामा होता.

"इथे काय असतं?"

"तोंडावरचा गोंडा," शालिग्रामभाऊ म्हणाले. "लोकरीचा. लाल-पिवळा. त्याची काय किंमत, ताई? फेकून द्यायच्या लायकीचा."

मालतीबाई त्या खिळ्याकडे बघत राहिल्या. चोर चांदी ठेवून लोकर घेऊन गेला होता.

२

दगाआप्पा ओट्यावर बसले होते. कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगाच्या हौदांवर त्यांनी आधी कित्येक वर्षं काढली, मग सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून ही घोडी आणली. तेव्हापासून ते रंगारी राहिले नाहीत, घोडीवाले झाले. घोड्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं ते मानत. वस्तीही मानत असे, कारण वस्तीला काहीच कळत नव्हतं.

"आप्पा, घोडी गेली," मालतीबाई जवळ बसून म्हणाल्या.

"ऐकं मी." त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "बाई, गोंडा? गोंडा शे का तठे?"

"नाही. तोही नेलाय."

"बरं," दगाआप्पा म्हणाले.

चोरी झालेल्या माणसाने 'बरं' म्हणावं, हे मालतीबाईंनी मनात ठेवून दिलं. खिडकीत बसून त्यांना एक सवय लागली होती. माणूस काय विचारतो यापेक्षा आधी काय विचारतो, ते त्या ऐकत.

"शत्रू कोणी?"

"घोडीले कसाना शत्रू? अंगावरल्या केसांचे भोवरे पाहीसन घेतात घोडी. गळ्यावर देवमण असला तर घर भरतं. डोळ्याखाले भोवरा असला, तर त्याले आसूढाळ म्हणतात. त्या घरात आसू गळतात, असं लोक मानतात. आसूढाळ घोडी लग्नाच्या दारात कोणी उभी करत नही." त्यांनी हवेत बोटं फिरवली, जणू समोर घोडीचं तोंड होतं. "चंचलच्या गळ्यावर देवमण शे. लोकेसनी पाहेल शे."

चुलीपाशी सुंदराबाई भाकरी थापत होत्या. डोळे कोरडे होते. सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर त्या रडल्या होत्या असं शालिग्रामभाऊ सांगत होते. बहुधा बाई गेली की रडू आवरत असावं.

"शेवटचं कधी पाहिलंत तिला?"

"पहाटे. रोजच्यासारखी धुतली, खरारा केला, बांधली. मंग काय व्हयनं, देवाले ठाऊक."

"आप्पा नाहीत का हो कधी धूत?"

"त्येस्ना हात मी लागू देत नही," सुंदराबाई चटकन म्हणाल्या. "घोडी मनाच हातनी. पहिल्यापासून."

मालतीबाई उठल्या. निघताना त्यांचा पाय एका बादलीला लागला. बादलीवर ताट झाकलेलं होतं. ताट सरकवून पाहिलं, तर आत पाणी, आणि पाण्यात नुकतेच टाकलेले चणे, अजून फुगलेलेही नाहीत. माणसांना हे पुरून उरले असते. घोडीला रात्रीच्या खुराकाला बरोबर होते.

गेलेल्या घोडीसाठी चणे कोण भिजवतं?

३

हे कोडं घेऊन त्या मंडपात आल्या. तिथे दगाआप्पांचा मुलगा ललित खुर्च्या मांडत होता. गल्लीतल्या सगळ्यांचा संशय ललितवरच होता, आणि त्याने तो वाढवायला हातभारच लावला होता. घोडी काढा आणि दिव्यांची बग्गी घ्या, असं तो वर्षभर म्हणत होता.

"बाई, सीधी वात," ललित म्हणाला. "मला विकायचीच असती तर आज विकली असती का? आज तर तिचा रेट झीरो. उद्यापासून ती समाजाची, खाणंपिणं फ्री. मी कशाला पळवू? डोकं चालतं माझं."

हा युक्तिवाद प्रेमळ नव्हता, पण पक्का होता. शिवाय त्याने पुरुषांच्या रांगेत पहिली खुर्ची आईसाठी राखून ठेवली होती आणि तिच्यावर रुमाल टाकला होता. मालतीबाईंनी त्याला मनातल्या यादीतून काढलं.

मंडपाच्या तोंडाशी सत्काराचा फलक होता. त्यावर शालिग्रामभाऊंचा चेहरा घोडीएवढा होता, आणि घोडी त्यांच्या चेहऱ्याने असायला हवं होतं तेवढी. खाली लिहिलं होतं: 'चंचलचे पहिले नवरदेव'. हे मात्र खरं होतं. चंचल आली त्याच लग्नसराईत शालिग्रामभाऊंचं लग्न झालं. अध्यक्षपद त्यांना त्या जोरावर मिळालं होतं.

"फोटोचा किती त्रास झाला म्हणून सांगू," ते म्हणाले. "घराघरांतून लग्नाचे अल्बम मागवले. एकात घोडीचं तोंड नीट दिसेल तर शपथ. सगळीकडे तो गोंडा डाव्या डोळ्याखाली लोंबतोय. नाहीतर दगाआप्पा स्वतः मध्ये उभे. लगाम धरायला नेहमी डावीकडेच."

"भाषण तयार आहे?"

"अश्वमेधापासून सुरू केलंय." त्यांनी कागदांचा गठ्ठा दाखवला. "मग रथ, मग फौजा, मग अरबी घोडे गलबतांतून सुरतेच्या बंदरात, मग टपाल, मग टांगा. शेवटी चंचल. आणि भाषणानंतर खास आकर्षण. सारंगखेड्याहून अश्वपारखी भगवानदादा येतायत. ते घोडीचा सगळा शृंगार उतरवून, लोकांसमोर एकेक लक्षण सांगणार. देवमण वगैरे. काल संध्याकाळीच ठरलं. घरोघर जाऊन सांगून आलो."

"दगाआप्पांकडेही?"

"आप्पा झोपले होते. सुंदरावहिनींना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, पाहुणे परत कोणत्या गाडीने जाणार."

मालतीबाईंना गाड्या तोंडपाठ होत्या. संध्याकाळची नंदुरबारकडची गाडी, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी. म्हणजे घोडी हरवायची होती ती कायमची नाही. एका माणसाची गाडी सुटेपर्यंत.

"शालिग्रामभाऊ, सकाळी गल्लीत सगळ्यांना काय विचारलंत?"

"हेच की, पहाटे काही वेगळं पाहिलं का. सगळे म्हणाले, नाही. एकूण एक."

"बरोबर आहे. तुम्ही वेगळं विचारलंत. रोजचं विचारलं नाहीत. सुंदराबाई रोज पहाटे घोडी धुवायला खाडीवर नेतात. आजही नेली असणार. ते कोण कशाला सांगेल?"

"पण परत आणली की."

"परत आणताना कुणी पाहिलं?"

शालिग्रामभाऊंनी तोंड उघडलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यातून काही बाहेर आलं नाही.

४

घोडी पळवली कुणी ते कळलं होतं. ठेवली कुठे, हे नव्हतं. सुरतेत मोटार लपवता येते, कारखाना लपवता येतो, पण पांढरी घोडी कुठे लपवणार? आणि सोबत तो गोंडा कशाला?

खाडीपलीकडे महेशचं बँडचं दुकान होतं. महेश परभणीकडचा. लूम चालवायला आला आणि ट्रंपेट वाजवायला लागला. आता त्याच्याकडे स्वतःची तरणी घोडी होती, राणी, आणि दिव्यांची एक बग्गी. दगाआप्पांचं गिऱ्हाईक तुटलं ते याच्यामुळे, असं वस्ती म्हणे.

"कामून आलात बाई एवढ्या उन्हाचं?" महेश गादीवरून उठत म्हणाला. "चंचलचं ऐकलं. लई वाईट झालं बगा."

"तू संध्याकाळी वाजवायला आहेस ना मंडपात?"

"हाव. सकाळची एक वरात आटोपली की लगेच. इच्छापोरला हाय. पोरं गेली पुढं. मीबी निघालोच."

"बग्गी नेली?"

"न्हाई, नवरदेवाच्या आजीला घोडीच पायजे म्हणं."

मालतीबाईंनी मागच्या पडवीकडे पाहिलं. बग्गीची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. शेजारी राणी उभी होती आणि गवत खात होती.

"महेश," मालतीबाई गोड आवाजात म्हणाल्या, "मग इच्छापोरला नवरदेव कशावर बसलाय?"

महेशने राणीकडे पाहिलं. राणीने महेशकडे पाहिलं. दोघांपैकी राणीचा चेहरा जास्त निरागस होता.

५

इच्छापोरकडे जाणाऱ्या हजिऱ्याच्या रस्त्याला रिक्षा लागली तेव्हा महेश मालतीबाईंच्या शेजारी अंग चोरून बसला होता. मालतीबाईंना शालिग्रामभाऊंचं भाषण आठवत होतं. माणसाने घोड्यावर बसून राज्यं घेतली, घालवली, निरोप पोचवले, माल ओढला. मराठी माणूस सुरतेत पहिल्यांदा आला तोही घोड्यावरून, आणि त्याचं स्वागत काही फार प्रेमाने झालं नव्हतं. दुसऱ्यांदा आला तो भुसावळकडून, पॅसेंजरने, पत्र्याची पेटी घेऊन. या वेळी त्याला काम मिळालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने होते आणि आतल्या मोटारींची ताकद अजून घोड्यांतच मोजत होते. सगळं काम काढून घेतलं, तरी माणसाने घोड्याचं नाव ठेवून दिलं होतं, आणि एक नवरदेव.

वरात रस्त्याच्या कडेने येत होती. पुढे बँड, मागे पाहुणे, मध्ये फेटा बांधलेला नवरदेव. त्याच्याखाली, भाड्याची निळी झूल अंगावर आणि लाल-पिवळा गोंडा तोंडावर घेऊन, चंचल अशी शांत चालत होती, जणू संध्याकाळी तिला कुठे जायचंच नाही. शेकडो माणसं तिच्याकडे बघत होती. कुणालाच ती दिसत नव्हती. वरातीतली घोडी कोण बघतं?

"वैनींनी हात जोडले, बाई," महेश म्हणाला. "पहाटे खाडीवर आणून दिली. म्हणल्या, कारण इचारू नको, संध्याकाळची गाडी सुटली की परत दे. मी या गावात आलो तवा मला पहिली सुपारी मिळाली आन् माझ्याजवळ घोडी नव्हती. वैनींनी चंचल दिली. भाडं घेतलं न्हाई. वर भाकरी बांधून दिली. मी कसं न्हाई म्हणणार?"

वरात पाणी प्यायला थांबली. मालतीबाई घोडीच्या डाव्या बाजूला गेल्या, तिची मान थोपटली आणि तो फेकून द्यायच्या लायकीचा गोंडा अलगद वर उचलला.

डाव्या डोळ्याखाली, पांढऱ्या केसांत, पाण्यात खडा टाकल्यावर उठावा तसा एक भोवरा होता.

आसूढाळ.

६

"तर ते तुम्हाले समजनं," सुंदराबाई म्हणाल्या. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. दगाआप्पा ओट्यावर डुलक्या घेत होते.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी. धुवाले गोंडा सोडा, तर हे. यापाऱ्याने बांधेल व्हता. मनात म्हटलं, आप्पा पारखी माणूस, इतकं कसं चुकलं? सांगतलं तर यायनं तोंड उतरीन. घोडी परत देतील. आणि मले ती…" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "गाव सोडीसन आलू, तव्हापासून मनासंगे कोणी बोलनारं नव्हतं हो. ती पहिल्याच दिवशी, बाजारातच, मना खांद्यावर कपाळ टेकीसन उभी राहिली. मंग मी गोंडा परत बांधा. वीस वरीस मीच धुते, मीच बांधते. आज तो पारखी सगळ्यायसमोर गोंडा सोडीन. ज्याचं घर मोडलं, ज्याचं लेकरू गेलं, तो तिच्याकडे बोट दाखवीन. चारापाणी राहू द्या, तिले कोणी दारातही उभी करणार नही. आणि यायले कळीन, की आपली पारख चुकली."

"नही चुकनी," ओट्यावरून आवाज आला.

दोघींनी वळून पाहिलं. दगाआप्पा जागे होते. बहुधा मघाचपासून.

"बाजारातच हात फिरवा व्हता मी," ते म्हणाले. "घोडी डोळ्यानं नही पारखत, बोटानं पारखतात. गोंड्याखाले बोट घातलं, भोवरा लागना. निघणारच व्हतो. मागे पाहिलं, तर ती तुना खांद्यावर कपाळ टेकीसन उभी. आणि तू हासनी व्हती. सुरतेत आल्यावर पहिल्यांदा."

सुंदराबाईंची भाकरी तव्यावर करपली. त्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडत असावं.

"मंग मले का नही सांगितलं?"

"तू भेली असती. आसूढाळच्या गोष्टी तुना मायनं तुले कमी सांगितल्या का? म्हणून गोंडा. म्हणून मी सदा डावीकडे."

मालतीबाईंनी बाहेर पाहिलं. सकाळचं ते 'बरं' आता त्यांना कळलं. घोडी गेली तर गेली, पण झाकून गेली आहे ना, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. नवऱ्याने बायकोपासून आणि बायकोने नवऱ्यापासून वीस वर्षं एकच भोवरा लपवला होता, आणि दोघांनी मिळून एकच गोंडा वापरला होता.

"कार्यक्रम रद्द करायला सांगू?" त्यांनी विचारलं. "घोडी सापडली नाही म्हणेन. पण मग घोषणाही होणार नाही."

दगाआप्पा काठी घेऊन उठले. "आणा तिले," ते म्हणाले. "गोंडा मी सोडीन."

७

पाच वाजता मंडप भरला. भगवानदादा भल्या मोठ्या फेट्यात व्यासपीठावरच्या पहिल्या खुर्चीवर होते. शालिग्रामभाऊ अश्वमेधापासून निघून फौजांपर्यंत पोचले, तेवढ्यात चंचल व्यासपीठासमोर आली आणि लोकांनी भाषण ऐकणं थांबवलं, म्हणजे आधी जे करत होते ते उघडपणे करायला लागले.

दगाआप्पा डावीकडे, सुंदराबाई उजवीकडे. दगाआप्पांनी चाचपत गाठ शोधली, सोडली, आणि गोंडा खांद्यावर टाकला.

"पहा दादा," ते म्हणाले.

भगवानदादा खाली उतरले. त्यांनी त्या भोवऱ्यावर अंगठा ठेवला आणि काही बोलले नाहीत. पण पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना न बोललेलं ऐकू येतं. "आसूढाळ," एक म्हणाली, आणि तो शब्द मंडपाच्या शेवटापर्यंत गेला. कुणीतरी कडेवरचं मूल मागे ओढलं. शालिग्रामभाऊंनी माइकवर हात ठेवला आणि ते कुजबुजले, "चारापाण्याचं आज राहू द्या. समितीची बैठक घ्यावी लागेल."

माइकवरचा हात नीट बसला नव्हता. ते सगळ्यांनी ऐकलं.

सुंदराबाईंनी घोडीच्या मानेत तोंड लपवलं.

मालतीबाई उठल्या आणि त्यांनी शालिग्रामभाऊंच्या हातून माइक घेतला. अशा माणसाच्या हातून माइक घेणं सोपं नसतं. दोन बोटं सोडवावी लागली.

"चौकशी आहे," त्या म्हणाल्या. आवाज खिडकीतला होता. "या घोडीवरून ज्यांची वरात निघाली, त्यांनी नवराबायको दोघांनी उभं राहावं."

खुर्च्या सरकल्या. निम्मा मंडप उभा राहिला.

"आता या घोडीमुळे ज्यांच्या घराचं वाटोळं झालं, त्यांनी बसावं."

कुणी हललं नाही. मग चौथ्या रांगेत गजेंद्र हळूच बसला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

"गुडघा दुखतोय," गजेंद्र म्हणाला आणि उभा राहिला.

कडेला रंजना एकटीच उभी होती. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला होता. शेजारच्या बाईने तिचा पदर ओढला, बस म्हणून. रंजनाने पदर सोडवून घेतला.

"मी बसणार नाही," ती म्हणाली. "माझा माणूस गेला तो तापाने. होता तोवर चांगला होता. वरातीत फटाके फुटले तेव्हा बाकी सगळे पळाले, ही जागची हलली नाही. नाहीतर तो तिथेच पडला असता आणि मला एवढाही मिळाला नसता."

मग सगळ्यांचं लक्ष व्यासपीठाकडे गेलं. चंचलचे पहिले नवरदेव तिथे उभे होते. त्यांच्यामागे अध्यक्षांची खुर्ची होती, मखमलीची. समोर, बायकांच्या पहिल्या रांगेत, त्यांच्या पत्नी जयश्रीवहिनी उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. मागे खुर्ची असूनही शालिग्रामभाऊ बसले नाहीत, असा त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

भगवानदादांनी घसा साफ केला.

"पोथीत आसूढाळ लिहिलंय," ते म्हणाले, "आणि पोथी मी आयुष्यभर मानली. पण पोथी लिहिणाऱ्याने एवढे साक्षीदार उभे केले नव्हते." त्यांनी फेटा काढला आणि चंचलच्या कपाळाला कपाळ लावलं. "माय, आमच्या बाजारात तुला कोणी घेत नव्हतं. यांनी घेतली. या दोघांचे उपकार."

घोषणा झाली. शालिग्रामभाऊंनीच केली, आणि इतक्या आवाजात केली, की ही कल्पना समितीत कधी थांबली होती असं पुढे कुणाला आठवलं नाही. हार घालायला ते स्वतः खाली आले. चंचलने हार शांतपणे घालून घेतला, झेंडूची दोन फुलं चाखली, आणि मग त्यांच्या काखेतला भाषणाचा गठ्ठा ओढून खायला लागली. एकेक पान खात भाषणातल्या टांग्यापर्यंत गेली. चंचलचा भाग तेवढा राहिला. सभेचं एकमत झालं, की हा भाग भाषणाशिवायच चांगला झाला.

पुढच्या लग्नसराईत महेशची राणी वरातीला निघाली तेव्हा मालतीबाई वाटेत भेटल्या. राणीच्या तोंडावर गोंडा नव्हता. डाव्या डोळ्याखाली मात्र भोवरा होता.

"लोक आता तोच मागतेत, बाई," महेश म्हणाला. "चंचलवाणी खूण हाय का, म्हणून इचारतेत."

मालतीबाईंनी बोट फिरवलं. काजळ होतं. त्यांनी ते आपल्या पदराला पुसलं.

नवरदेव मात्र आधी सभागृहामागे जातात, चंचलला भिजवलेले चणे देतात, आणि मग राणीवर बसतात. चण्यांवर सुंदराबाईंची करडी नजर असते. कृतज्ञतेने घोडीचं पोट फुगतं, असं त्या सांगतात. पहाटे घोडीला दोघं मिळून धुतात. सुंदराबाई खरारा करतात आणि दगाआप्पा तिचं तोंड धरून डावीकडे उभे राहतात. त्या बाजूला आता झाकायचं काही नाही. पण त्यांचा हात आपसूक त्या भोवऱ्यावर जातो, आणि चंचल डोळे मिटून घेते.